स्वादुपिंडातली गाठ आणि गळालेलं प्रश्नचिन्ह

माझ्या पोटातली गाठ सापडली ती दुसरंच काही शोधताना. पाळीच्या तक्रारीमुळे ओटीपोटाची सोनोग्राफी करायची होती. गर्भाशय आणि अंडाशय बघून झाल्यावर डॉक्टरांनी प्रोब सहज वर सरकवला, डाव्या बरगड्यांखाली आणला आणि तिथेच थांबले. प्रोब तिरका करून बघितला, मला कुशीवर वळायला सांगितलं, ग्लासभर पाणी प्यायला दिलं आणि पुन्हा तीच जागा बघितली. तोवर ते माझ्याशी बोलत होते, आता गप्प झाले. "पोटाला कधी जोराचा मार लागला होता का?" एवढंच त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. स्क्रीनवरच्या काळ्या गोलाच्या दोन टोकांना दोन फुल्या उमटल्या आणि त्यांच्यामधलं अंतर त्यांनी लिहून घेतलं.

मी तेव्हा ४७ वर्षांची होते. पोटात दुखत नव्हतं, भूक नीट लागत होती, वजन उतरलं नव्हतं. स्वादुपिंड हा शब्द शाळेच्या पुस्तकात वाचला होता, त्यानंतर त्याच्याशी कधी संबंध आला नव्हता. आता कळलं की हा अवयव जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवा पसरलेला असतो. लांबी साधारण १५ सेंटिमीटर. त्याचं डोकं लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेलं आणि शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत गेलेलं. माझी गाठ त्या शेपटात होती. इतक्या आत, की हाताला लागण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढच्या आठवड्यात सीटी स्कॅन झाला. रिपोर्टचा शेवट मला अजून पाठ आहे: स्वादुपिंडाच्या शेपटात ४.६ सेंटिमीटरची, द्रवाने भरलेली, पातळ भिंतीची गाठ, आत एक-दोन बारीक पडदे, स्यूडोसिस्ट? शेवटी प्रश्नचिन्ह होतं.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या मजकुरातली विरामचिन्हं बघत असते, त्यामुळे असली गोष्ट नजरेतून सुटत नाही. तो रिपोर्ट घेऊन ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी केसपेपरवर लिहिलं, 'स्यूडोसिस्ट'. पुढे प्रश्नचिन्ह नाही. मला ते तिथल्या तिथे दिसलं. पण रेडिओलॉजिस्टना शंका होती, यांना खात्री आहे, म्हणजे बरंच झालं, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्या दोन कागदांच्या मधल्या काळात माझी एकही नवी तपासणी झालेली नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही.

"काळजीचं कारण नाही, पाण्याची गाठ आहे, बहुतेक आपोआप विरेल," असं सांगून त्यांनी तीन महिन्यांनी बोलावलं. ते तीन महिने मी निश्चिंत होते असं म्हणणार नाही, पण पाण्याची गाठ या शब्दाने मोठा आधार दिला होता. घरी सगळ्यांना मी तेच सांगत होते. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला तर गाठ ४.८ सेंटिमीटर. विरली तर नव्हतीच. मग असं ठरलं की एंडोस्कोपीतून जठराच्या भिंतीला भोक पाडायचं, गाठीत एक छोटी नळी बसवायची आणि आतलं पाणी जठरात निचरू द्यायचं. तारीखही मिळाली.

दाखल व्हायच्या दिवशी संमतिपत्र आणि माहितीचा तक्ता हातात आला. त्यात एक ओळ होती, 'पूर्वी स्वादुपिंडाला सूज आल्याचा इतिहास: आहे / नाही'. 'आहे' वर आधीच खूण केलेली होती. मी तिथल्या सहायकाला म्हटलं, "हे चुकलंय. मला असं कधी झालेलं नाही." तो म्हणाला, "मॅडम, स्यूडोसिस्ट आहे म्हणजे सूज येऊन गेलेलीच असणार."

मी पेन खाली ठेवलं. इतिहासावरून निदान करायचं सोडून इथे निदानावरून इतिहास लिहिला होता. छापायच्या मजकुरात असं काही दिसलं तर मी ते पान पुढे जाऊ देत नाही. मी सही केली नाही. नवरा म्हणाला, "आता ऐन वेळी?" मुलगी मात्र माझ्या बाजूने उभी राहिली आणि आम्ही घरी परत आलो. त्या डॉक्टरांबद्दल मनात राग होता, आजही थोडा आहे, पण त्यापेक्षा मोठी होती ती भीती. पाण्याची गाठ नाही, तर मग काय आहे?

दुसरं मत घ्यायला ज्या गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्टकडे गेलो त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि आधी मलाच विचारत सुटल्या. पोटात कधी असं दुखलं का, की कळ पाठीत गेली आणि दवाखान्यात दाखल व्हावं लागलं? पित्ताशयात खडे? दारू? रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, फार वाढलेली? अपघातात पोटावर स्टिअरिंग किंवा सायकलचं हँडल आदळलंय? कावीळ? अलीकडे मधुमेह निघालाय का? घरात कोणाला स्वादुपिंडाचा कॅन्सर? एकेका प्रश्नावर थांबत, मला आठवायला वेळ देत. सगळ्यांचं उत्तर नाही असं आल्यावर त्या म्हणाल्या, "स्यूडोसिस्ट कारणाशिवाय होत नाही. स्वादुपिंडाला सूज येते किंवा मार लागतो, पाचकरस बाहेर झिरपतो, आणि त्याभोवती शरीर निदान चार आठवड्यांत एक कवच तयार करतं. त्या कवचाला आतून पेशींचं अस्तर नसतं, म्हणून ती खोटी गाठ. तुमच्या बाबतीत सुरुवातच सापडत नाही. तेव्हा हा शब्द आपण सध्या बाजूला ठेवू."

मग त्यांनी कोऱ्या कागदावर स्वादुपिंड काढलं, मधून एक रेघ ओढली, ती मुख्य नलिका. माझ्याकडे तो कागद अजून आहे. डोक्याजवळ त्यांनी नलिकेला लागून द्राक्षांच्या घडासारखे फुगे काढले. ही नलिकेतच उगम पावणारी म्युसिनस, म्हणजे चिकट द्रव बनवणारी गाठ, आयपीएमएन. ती मुख्य नलिकेत असेल तर धोका जास्त, बाजूच्या फाट्यात असेल तर कमी. दुसरी काढली ती बारीक बारीक कप्प्यांची, मधमाशांच्या पोळ्यासारखी, मधोमध चांदणीसारखा व्रण. ही सिरस सिस्टॅडेनोमा, आत पातळ द्रव असलेली. साठीच्या पुढच्या बायकांत जास्त दिसते आणि कॅन्सरमध्ये तिचं रूपांतर जवळपास होतच नाही. तिसरी शेपटात, जाड भिंतीचा एक मोठा गोल, आत थोडे पडदे, नलिकेपासून अलग. "ही म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम. होते ती जवळपास सगळी बायकांनाच, बहुतेक वेळा चाळिशी-पन्नाशीत, आणि शेपटाच्या बाजूला." चौथी तरुण मुलींमध्ये होणारी, पाचवी संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची, ती कधीकधी आतून पोकळ होते. या दोन्ही त्यांनी नुसत्या सांगितल्या, काढल्या नाहीत.

तिसऱ्या चित्रापाशी त्यांचं पेन थांबलं होतं ते माझ्या लक्षात आलं. "म्हणजे कॅन्सर?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आत्ता तो प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर आज कोणाकडेच नाही. आज विचारायचं ते हे: आत चिकट द्रव आहे का, नलिकेशी जोड आहे का, भिंतीवर काही उगवलंय का." पुढच्या सगळ्या तपासण्यांत मला या तीन प्रश्नांनी उभं ठेवलं. कॅन्सर आहे की नाही या प्रश्नाला रोज उत्तर मिळत नाही, पण जोड आहे का याला एमआरआयच्या दिवशी मिळतं.

घरी येऊन मी वाचायला बसले. सिरस आणि म्युसिनस या गाठी वेगळ्या स्वभावाच्या आहेत हे कॉम्पॅग्नो आणि ओर्टेल या दोन पॅथॉलॉजिस्टनी १९७८ मध्ये मांडलं. नलिकेत चिकट द्रव तयार करणाऱ्या गाठींचं वर्णन जपानमधून ओहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये केलं. म्हणजे हे ज्ञान साधारण माझ्याच वयाचं. माझ्या आजीला हीच गाठ असती तर तिचं नावही कोणी नीट सांगू शकलं नसतं, या विचाराने मला त्या रात्री फार भरून आलं.

एमआरआयच्या रांगेत शेजारी एक सत्तरीचे काका बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात जुन्या स्कॅनच्या सीड्या वर्षांप्रमाणे लावलेल्या, प्रत्येकीवर तारीख. त्यांची गाठ १.८ सेंटिमीटरची, बाजूच्या फाट्यातली आयपीएमएन. सहा वर्षं झाली, काढायची नाही, नुसतं बघत राहायचं. मला वाटलं ते वैतागले असतील. ते म्हणाले, "ताई, एक सांगतो. नुसता रिपोर्ट ठेवू नका, चित्रं ठेवा. नवीन माणूस रिपोर्ट वाचतो, पण ताडून बघायला त्याला चित्रच लागतं." मी त्याच दिवशी माझ्या दोन्ही सीटी स्कॅनच्या सीड्या मागवून घेतल्या. पुढे त्यांचा उपयोग झाला.

एमआरआयमध्ये मधूनमधून कानावर आदेश येत होते, श्वास घ्या, सोडा, थांबा. ठोके, घरघर, पुन्हा ठोके. त्यातच एमआरसीपी नावाची चित्रं काढतात. त्यांत बाकी सगळं अंधारात जातं आणि फक्त साठलेला द्रव पांढरा चमकतो. डॉक्टरांनी नंतर ती मला दाखवली. पित्ताच्या नलिका झाडाच्या फांद्यांसारख्या, खाली पित्ताशय, आणि आडवी एक पांढरी बारीक रेघ, माझी स्वादुपिंडाची नलिका, फक्त २ मिलिमीटर रुंद. रेघ गाठीपाशी येते, तिला किंचित वळसा घालते आणि पुढे जाते. कुठेही आत शिरत नाही. पेनाच्या टोकाने त्यांनी ती दोनदा गिरवली. तीनपैकी एका प्रश्नाचं उत्तर आलं होतं, जोड नाही.

पण त्याच रिपोर्टमध्ये एक नवी गोष्ट होती. गाठीच्या आतल्या भिंतीवर ४ मिलिमीटरचा एक उंचवटा. हा गाठीचाच वाढलेला घट्ट भाग असू शकतो, किंवा नुसता चिकट द्रवाचा गोळा भिंतीला चिकटून बसलेला असू शकतो. एमआरआयवरून ठामपणे सांगता येत नव्हतं. रेडिओलॉजिस्टनी दोन्ही शक्यता लिहिल्या होत्या आणि पुढे एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड करावा असं सुचवलं होतं. माझा तो आठवडा वाईट गेला. तरीही मला त्या रिपोर्टबद्दल आदर वाटला. जे कळलं नाही ते कळलं नाही असं लिहिलं होतं.

रक्तातला सीए १९-९ हा मार्कर, म्हणजे स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं द्रव्य, १६ आला, नेहमीच्या ३७ या मर्यादेच्या आत. नवऱ्याने सुटकेचा श्वास टाकला. डॉक्टरांनी मात्र त्यावर फार भर दिला नाही. हा मार्कर काही लोकांच्या शरीरात तयारच होत नाही, आणि सुरुवातीच्या अवस्थेत तो वाढलेला असेलच असंही नाही. वाढला असता तर विचार करायला लागला असता, वाढला नाही म्हणून सुटका नाही.

एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमध्ये दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचा छोटा प्रोब असतो. पोटावरून बघताना मधल्या हवेमुळे चित्र बिघडतं. जठरात उतरलं की स्वादुपिंड भिंतीच्या अगदी पलीकडे येतं. तिथूनच बारीक सुई घालून गाठीतला द्रव काढता येतो. सुई सगळ्यांना घालत नाहीत. माझा प्रश्न होता, घालायचीच का? डॉक्टर म्हणाल्या, "उत्तर काहीही आलं तरी आपण तेच करणार असू तर मी सुई घालणार नाही. पण इथे एका उत्तराने नळी बसवायची असं होतं आणि दुसऱ्या उत्तराने शस्त्रक्रिया. म्युसिनस गाठीला नळी बसवली तर तिचं अस्तर तसंच राहतं, ते पुन्हा द्रव बनवतं, आणि नंतरचं ऑपरेशन अवघड होऊन बसतं." पूर्वी मी ज्या टेबलावर झोपायला निघाले होते ते डोळ्यांसमोर आलं आणि माझ्या हातापायांतलं बळ गेलं.

संमतिपत्र मी ओळ न् ओळ वाचलं. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, स्वादुपिंडाला सूज, असे धोके लिहिले होते, क्वचित घडणारे. इतिहासाच्या ओळीत 'नाही' होतं. मी त्याखाली सही केली.

रात्रीपासून उपाशी. सकाळी सलाईनमधून प्रतिजैविक दिलं, घशात कडू फवारा मारला, डाव्या कुशीवर वळवलं, दातांमध्ये प्लॅस्टिकची कडी बसवली. सिस्टरचा हात माझ्या खांद्यावर होता, त्यापुढचं काही आठवत नाही. जाग आली तेव्हा घसा खरखरत होता आणि पोटात काही होत नाही ना हे कोणीतरी दर थोड्या वेळाने येऊन विचारत होतं.

संध्याकाळी डॉक्टर आल्या आणि म्हणाल्या, "एक गोष्ट दाखवायची आहे." त्यांच्या फोनवर काही सेकंदांची चित्रफीत होती. हातमोजा घातलेला एक हात. अंगठ्यावर एक थेंब, रंगाने जवळपास पाण्यासारखा, किंचित धुरकट. तर्जनी त्यावर टेकली आणि हळूहळू दूर जाऊ लागली. थेंब तुटला नाही. त्याची तार झाली. बोटं लांब गेली तशी तार लांब झाली, मधोमध बारीक होत गेली, पातळ डिंक ताणावा तशी, आणि एका बोटाच्या पेरापेक्षा जास्त अंतर झालं तरी तशीच राहिली. उजेडात ती चमकत होती. मग ती तुटली.

"पाण्याची तार होत नाही," त्या म्हणाल्या. इतके महिने मी सगळ्यांना पाण्याची गाठ म्हणून सांगत होते. ती चित्रफीत मी त्यांना पुन्हा लावायला सांगितली.

त्यांनी उंचवट्याचंही सांगितलं. आतून बघितल्यावर त्याची कड चमकदार आणि मध्य काळपट दिसला, त्यात रक्तप्रवाह नव्हता, आणि द्रव ओढला तसा तो जागेवरून सरकला. चिकट द्रवाचा गोळाच होता तो. द्रव इतका दाट होता की तो सुईतून ओढायलाच वेळ लागला. मिळाला तेवढा तीन तपासण्यांसाठी पाठवला, आणि थोडा पेशी बघण्यासाठी.

रिपोर्ट आले तेव्हा मुलगीच आधी ते उघडून बसली होती. द्रवातली साखर १२, अमायलेज ७०, सीईए ८६०. सीईए हे एक प्रथिन, काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं. तिने त्याची नेहमीची मर्यादा शोधली तर ती ५ निघाली. ती रडत माझ्याकडे आली. मीही तो आकडा बघून खचले. रात्रभर आम्हा दोघींना झोप नव्हती. आणि ते रडणं अनाठायी होतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. ५ ही रक्तातल्या सीईएची मर्यादा. गाठीतल्या द्रवाचा हिशेब वेगळा असतो. तिथे नेहमी धरतात तो आकडा १९२, अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून आलेला. त्याच्या वर गेलं की गाठ म्युसिनस असण्याची शक्यता जास्त. हा आकडाही साधारण ८० टक्के वेळाच बरोबर ठरतो. डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं: "सीईए गाठीचं कूळ सांगतो, तिचा स्वभाव सांगत नाही. ८६० म्हणजे २०० पेक्षा चौपट वाईट असं नसतं."

साखरेचा आकडा मला जास्त पटला, कारण तो समजायला सोपा होता. माझ्या रक्तात त्या दिवशी साखर ९६ होती आणि गाठीत १२. म्युसिनस गाठीतल्या द्रवात साखर ५० च्या खाली जाते, सिरस गाठीत आणि बहुतेक स्यूडोसिस्टमध्ये ती तशी खाली जात नाही. अमायलेज हे पाचकरसातलं द्रव्य. स्यूडोसिस्ट म्हणजे साठलेला पाचकरस, तेव्हा तिथे ते भरपूर असायला हवं. २५० च्या खाली असेल तर स्यूडोसिस्ट जवळपास निकालात निघते. माझं ७०. पेशींच्या रिपोर्टमध्ये 'चिकट द्रव आढळला, कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत, पेशींची संख्या अपुरी' असं होतं. नवरा 'आढळल्या नाहीत' वर थांबला, मी 'अपुरी' वर. अशा द्रवात पेशी मुळात फार थोड्या येतात, त्यामुळे न सापडणं म्हणजे नसणं असं धरता येत नाही, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना समजावलं.

एकही तपासणी एकटीने निकाल देत नव्हती. वय, स्त्री असणं, शेपटातली जागा, सूज येऊन गेल्याची एकही खूण नसणं, नलिकेशी जोड नसणं, तार, साखर, अमायलेज, सीईए. सगळ्यांचं बोट एकाच दिशेला होतं.

नंतर गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट, सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट यांची बैठक झाली. तिथे काकांच्या सल्ल्याने जपलेल्या सीड्या कामाला आल्या. जुन्या सीटी स्कॅनमधली भिंत आणि नवी भिंत शेजारी ठेवून बघता आली. सर्जननी मला पर्याय मांडून दाखवले. २०१८ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशी गाठ ४ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, भिंतीवर काही नसेल आणि त्रास नसेल तर नजर ठेवून राहता येतं. माझी ४.८ होती. शिवाय नजर ठेवायची म्हणजे पुढची पंचवीस-तीस वर्षं, दर काही महिन्यांनी, आणि त्या काळात ती बदलणार नाही याची हमी नाही. स्वादुपिंडाचं शेपूट काढल्यावर मधुमेह होऊ शकतो, हेही त्यांनी लपवलं नाही. मी दोन दिवस घेतले आणि काढायचं ठरवलं.

प्लीहा काढावी लागली तर काही विशिष्ट जंतूंशी लढायची ताकद कमी होते, म्हणून ऑपरेशनच्या दोन आठवड्यांहून आधी न्यूमोकोकस आणि मेनिंगोकोकससारख्या जंतूंच्या लशी दिल्या. दुर्बिणीतून झालेलं ऑपरेशन नीट पार पडलं, प्लीहा वाचली. पोटात ठेवलेल्या नळीतून येणाऱ्या पाण्यातलं अमायलेज तिसऱ्या दिवशी तपासलं, कापलेल्या जागेतून पाचकरस गळत नाही ना हे बघायला. गळत नव्हता. पाचव्या दिवशी नळी निघाली.

खरी वाट बघायची होती ती बायोप्सीची. अकरा दिवस. पूर्ण गाठीचे तुकडे तपासायचे असतात, कारण एखाद्या कोपऱ्यातच बिघाड लपलेला असू शकतो, म्हणून वेळ लागतो. रिपोर्ट आला: म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम, सौम्य दर्जाचा पेशीबदल, कडा स्वच्छ, आसपास पसरलेली नाही. आणि एक ओळ, जिने मला थक्क केलं. गाठीच्या अस्तराखाली अंडाशयात असतात तशा पेशींचा थर. ही गाठ ओळखायची ती पक्की खूण. स्वादुपिंडात अंडाशयासारख्या पेशी कशा? एक समजूत अशी की गर्भात अगदी सुरुवातीला हे दोन्ही अवयव शेजारी शेजारी घडत असतात आणि काही पेशी मागे राहून जातात. पाळीची तक्रार घेऊन मी गेले होते, अंडाशय बघायला प्रोब लावला होता, आणि सापडलं ते हे.

गाठ पूर्ण निघाली आणि कुठे शिरलेली नव्हती, त्यामुळे तिच्यासाठी पुढे वर्षानुवर्षं स्कॅन करायची गरज नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. साखर मात्र तपासत राहायची. मला काका आठवले. त्यांच्या प्रकारात एक गाठ काढली तरी उरलेल्या स्वादुपिंडात दुसरी होऊ शकते, म्हणून त्यांची पिशवी भरतच राहणार. त्यांना फोन करून माझं सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "चित्रं ठेवलीत ना?"

दोन महिन्यांनी मी बायोप्सीच्या रिपोर्टची एक प्रत घेऊन पहिला सीटी स्कॅन ज्या रेडिओलॉजिस्टनी वाचला होता त्यांच्याकडे गेले. भांडायला नाही. त्यांना शेवट कळावा असं वाटत होतं. त्यांना मी आठवत नव्हते. त्यांनी रिपोर्ट वाचला, काही न बोलता संगणकावर माझा जुना स्कॅन उघडला आणि हळूहळू एकेक काप पुढे सरकवत शेपटापर्यंत आले. गाठीच्या आतल्या एका बारीक रेघेवर त्यांनी बोट ठेवलं.

"हा पडदा तेव्हाही होता," ते म्हणाले. "स्यूडोसिस्टमध्ये असा पडदा सहसा नसतो. म्हणून मी पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं."

"हो," मी म्हटलं. "मी बघितलं होतं ते."

त्यांनी ती प्रत ठेवून घेऊ का म्हणून विचारलं आणि माझ्या जुन्या फाईलमध्ये लावली.